मदत हवी आहे: किमची-चीज बन फुगत नाहीत आणि बूड ओलं राहतं (शिवाय कोरियन हॉटेलात शाकाहारी माणसाने काय मागवावं?)

उकडहंडी:

नमस्कार मंडळी,

नवरा रांजणगावला नोकरीला. त्याच्या ऑफिसातल्या कोरियन मंडळींनी आधी त्याला नादी लावलं, त्याने आम्हाला. पुण्यात कोरियन कुटुंबं बरीच असल्याने त्यांच्यासाठी म्हणून चालणारी साधी हॉटेलं आहेत, तिथे आम्ही जातो. सजावटीच्या नावाने शून्य, पण बसल्या बसल्या समोर सात-आठ छोट्या वाट्या येतात: किमची (मीठ-मिरची लावून आंबवलेला कोबी), मोड आलेल्या सोयाबीनची कोशिंबीर, बटाट्याचं काहीतरी गोडसर, पालक, मुळा. संपलं की पुन्हा आणून देतात आणि त्याचे पैसे लावत नाहीत. मला खरं तर मुख्य पदार्थापेक्षा त्या वाट्यांचंच जास्त आकर्षण. दगडी भांड्यातला बिबिमबाप (वर भाज्या, मांस, अंडं घालून कालवायचा भात) खाताना तळाशी भाताची जी करकरीत खरपुडी धरते, तिच्यावरून आमच्याकडे भांडणं होतात.

आता मुद्दा. मला गोड बेकिंगमध्ये रस नाही. केक उत्तम मिळतात, कुणीतरी करतंच. मी करते ते खारं-तिखट: कांदा-कोथिंबिरीचे बन, मिरी घातलेल्या चीज काड्या, जिऱ्याची बिस्किटं. त्यामुळे किमची-चीज बन करणं ओघानेच आलं. बन करते तेव्हा मळतानाच बारीक चिरलेली किमची घालते आणि चव उतरावी म्हणून थोडं दूध कमी करून त्याऐवजी किमचीचा रस. पीठ दोन तासांत दीडपटसुद्धा होत नाही, हाताला चिकट आणि ढिलं लागतं. त्याच पाकिटातल्या यीस्टने साधे बन मात्र मस्त फुगतात, म्हणजे यीस्ट जिवंत आहे. किमची आत सारण म्हणून भरली तर फुगतात, पण बूड ओलं राहतं. ओटीजी २८ लिटरचा आहे, वरचा आणि खालचा रॉड वेगवेगळा लावता येतो. १८० ला २० मिनिटं ठेवते.

दुसरा प्रश्न सासूबाईंचा. त्या अंडं खातात, मासे-मटण नाही. त्यांनाही ते वातावरण आवडतं, पण दर वेळी त्या वाट्यांवरच जेवतात. त्या वाट्या तरी नक्की शाकाहारी असतात का? वाढणाऱ्या मुलाला विचारलं की तो हसून मान हलवतो, ती हो ची का नाही ची ते कळत नाही.

आणि लेकीला ते अख्खं अंडं वर असलेले कोरियन छोटे पाव हवे आहेत. कुणी घरी केलेत का?

पाववाला_नाही_पाववाली:

तुमच्या पिठाचा गुन्हेगार लसूण आहे. किमचीत कच्चा लसूण ठेचून भरपूर घातलेला असतो. कच्च्या लसणातली गंधकयुक्त द्रव्यं यीस्टला मारक असतात आणि मैद्यातलं ग्लुटेनही सैल करतात. म्हणून फुगत नाही आणि म्हणूनच चिकट-ढिलं लागतं. वर किमचीतलं मीठ, तेही यीस्टला दाबतं. रस घातलात म्हणजे हे सगळं विरघळलेल्या रूपात पिठाच्या कानाकोपऱ्यात गेलं. लसूण शिजला की हा त्रास बराच कमी होतो. गार्लिक ब्रेडमध्ये लसूण बटरमधून वरून लावतात ते त्यामुळेच सोयीचं पडतं.

पिठाला किमचीचा रंग-वास हवाच असेल तर गोचुजांग (कोरियन आंबवलेल्या मिरचीची घट्ट चटणी) एक मोठा चमचा घाला आणि पिठातलं मीठ थोडं कमी करा. किमची आतच भरा.

आता बूड. किमची हाताने घट्ट पिळा. मग कढईत चमचाभर तेलावर, चिमूटभर साखर घालून, चर्रर्र आवाज थांबेपर्यंत परता. आवाज येतोय म्हणजे पाणी आहे. मग पूर्ण गार करा. कोमट सारण भरलं की ते आतूनच पिठाला घाम आणतं. आठ-नऊ बनांना पिळण्याआधीची १५० ग्रॅम किमची पुरते. चीजचं म्हणाल तर मोझरेला पाणी सोडतं, तारांचा मोह होतो खरा, पण इथे साधं प्रोसेस्ड चीज किसून घालणं बरं. ते वितळूनही जागेवर राहतं. सारणात चमचाभर पावाचा चुरा मिसळलात तर उरलंसुरलं पाणी तो पिऊन टाकेल.

ओटीजी: दोन्ही रॉड लावून तापवताना एक जाड ट्रे खालून दुसऱ्या खणात आत ठेवूनच तापवा. बनांचा पातळ ट्रे त्या तापलेल्या ट्रेवर ठेवायचा. बुडाला पहिल्या मिनिटापासून उष्णता मिळते आणि जाड ट्रे मध्ये असल्याने खालचा रॉड थेट जाळत नाही. वरून लवकर रंग आला तर फॉइल टाका, पण बाहेर काढायची घाई नको. आणि काढल्याबरोबर जाळीवर. ताटात ठेवलेत तर वाफ खालीच अडकते आणि चांगलं भाजलेलं बूडसुद्धा ओलं होतं. निम्म्या लोकांचं दुखणं ओव्हनमध्ये नसतं, ताटात असतं.

उकडहंडी:

लसूण!! हे डोक्यातच आलं नव्हतं. जाळी आहे माझ्याकडे, ती आजवर चकल्या निथळायलाच वापरली. पीठ कुठलं घेऊ? माझे बन दुसऱ्या दिवशी तितके मऊ राहत नाहीत, त्यांच्या बेकरीतले फार लुसलुशीत असतात.

पाववाला_नाही_पाववाली:

ते मऊपण उकडीतून येतं. तुमच्या आयडीला शोभेल असंच आहे. थोडा मैदा पाचपट दुधात किंवा पाण्यात शिजवून खीर करायची, साधारण ६५ अंशाला ती घट्ट होते. शिजलेला स्टार्च जास्त पाणी धरून ठेवतो, म्हणून बन दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. पूर्व आशियातल्या बेकऱ्यांत ही पद्धत सर्रास आहे.

२० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम दूध. मंद आचेवर ढवळत राहा, चमच्याची रेघ तळाशी दिसायला लागली की बंद, आणि गार. मग २८० ग्रॅम मैदा, एक अंडं, ७० मिली दूध, ३० ग्रॅम साखर, ५ ग्रॅम मीठ, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. दूध एकदम ओतू नका, आपल्या मैद्यागणिक पाणी पिणं बदलतं. पाच-सात मिनिटं मळून झालं की मग ३० ग्रॅम मऊ बटर, आणि पुन्हा पीठ ताणल्यावर पातळ पडदा दिसेपर्यंत मळायचं. हाताने वीस मिनिटं जातात. साखर कमी करायचा मोह टाळा, आंबट-तिखट सारणाला बाहेरचा पाव किंचित गोडच हवा, तीच त्यांची खरी चव आहे. साठ-साठ ग्रॅमचे गोळे, १८० ला १६ ते १८ मिनिटं.

कालवणप्रेमी:

सासूबाईंसाठी वाईट बातमी. पारंपरिक किमची शाकाहारी नसते. तिच्यात सेऊजॉत, म्हणजे खारवून मुरवलेली बारीक कोळंबी, किंवा माशाचा सॉस असतो, बऱ्याचदा दोन्ही. ही कोळंबी म्हणजे आपल्या जवळ्याची सख्खी चुलत बहीण. जवळा हा असेटेस इंडिकस, त्यांची असेटेस जापोनिकस. आम्ही वाळवतो, ते मिठात मुरवतात. म्हणूनच किमची पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मला ओळखीची वाटली, आणि आमच्या शाकाहारी सहकाऱ्याला 'काहीतरी वेगळं' वाटलं.

दुसरी लपलेली गोष्ट म्हणजे पाणी. सूप, जिगे (उकळत्या भांड्यातलं घट्टसर कालवण), टोकबोक्कीचा (तांदळाच्या पिठाच्या चिवट वळकट्या) तिखट रस्सा, हे बहुतेक सुक्या मांदेलीसारख्या छोट्या माशांच्या आणि समुद्री शेवाळाच्या पाण्यात करतात. वर तोफूच दिसतो, त्यामुळे माणूस फसतो. टोकबोक्कीत तर माशाच्या वड्याही असतात.

देजॉनकर:

मी पीएचडीसाठी दक्षिण कोरियात देजॉन शहरात आहे, त्यामुळे या विषयावर पोटतिडकीने बोलू शकतो.

काकूंनी मागवण्यासारखं: मांस नको असं सांगून बिबिमबाप (वरचं अंडं त्यांना चालतंय म्हणजे उत्तमच). गामजाजॉन, हे किसलेल्या बटाट्याचं धिरडं, बहुतेक ठिकाणी त्यात दुसरं काही नसतं. पाजॉन म्हणजे कांद्याच्या पातीचं, पण 'हेमुल' शब्द लागला की त्यात कोळंबी-माकूळ आलं. जापचे, रताळ्याच्या स्टार्चच्या नूडल्स, यात बीफ घालायची पद्धत आहे, ते वगळून करून देतात. किंबाप, म्हणजे समुद्री शेवाळाच्या पापुद्र्यात गुंडाळलेला भात, हॅमशिवाय आणि खेकड्याच्या काड्यांशिवाय मागा. वाट्यांपैकी मोड आलेलं सोयाबीन आणि पालक बहुधा तिळाच्या तेलात असतात, पण काही घरी त्यातही माशाचा सॉस पडतो. 'शाकाहारी आहे का' असं विचारू नका, उत्तर नेहमी हो येतं, कारण वर मांस दिसत नाही. 'माशाचा सॉस आहे का, कोळंबी आहे का, रस्सा कशाचा' असं सुटं सुटं विचारा.

पाऊस पडायला लागला की इथे लोक पाजॉन आणि तांदळाची दारू माकगोली घेऊन बसतात. पावसात भजी आठवणाऱ्या माणसाला हा देश परका वाटत नाही.

आता बेकिंग. किमची-चीज ठीक आहे, पण खारं बेकिंग आवडणाऱ्या माणसाने बुचूपांग करायलाच हवा. इथे सुंगशिमदांग नावाची बेकरी आहे, १९५६ साली स्टेशनसमोर वाफवलेल्या बनांच्या टपरीपासून सुरू झालेली. आता लोक दुसऱ्या शहरांतून रेल्वेने येऊन पिशव्या भरून नेतात. तिचा तळलेला सोबोरो (वर खुसखुशीत चुऱ्याचा थर असलेला बन) गोड आहे, तो सगळ्यांना माहीत असतो. माझा जीव मात्र बुचूपांगवर, म्हणजे बुचू या लसणासारख्या वासाच्या चपट्या पातीचं आणि अंड्याचं सारण भरलेला मऊ बन. गुन्सान शहरातल्या ईसुंगदांग बेकरीमध्ये भाज्यांचा बन मिळतो, तोही खारा. बेकरी म्हटलं की गोडच, हा समज इथे लवकर गळून पडतो.

पुण्यात बुचू मिळणं कठीण, पण हिवाळ्यात ओल्या लसणाची पात येते ती घ्या. एरवी कांद्याची पात, त्यात दोन-चार पाती लसणाच्या. मोठी जुडी बारीक चिरायची, चार उकडलेली अंडी जाडसर कुस्करायची, मीठ, मिरी, तिळाचं तेल, बांधायला मेयोनीज. मीठ अगदी भरायच्या वेळी, नाहीतर पात पाणी सोडते आणि पुन्हा तुमचं ते ओलं बूड.

चातुर्मासी:

कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी या धाग्यावर काय करायचं?

देजॉनकर:

बौद्ध मठांतलं जेवण शोधा. तिथे मांस-मासे तर नाहीतच, शिवाय पाच उग्र वस्तू वर्ज्य: लसूण, कांदा-पात, बुचू, रानलसूण आणि हिंग. होय, हिंगसुद्धा. तेव्हा तुमच्यापेक्षा ते एक पाऊल पुढे आहेत. मठाच्या किमचीत कोळंबीही नसते आणि लसूणही नसतो, त्यामुळे उकडहंडी ताईंच्या पिठाचा प्रश्नही बराचसा सुटतो. घरी करायला सोपं: नापा (लांबट चिनी) कोबी मिठात मुरवून धुवायचा, तांदळाच्या पिठाची पातळ पेज, आलं, किसलेलं नासपती, मुळा आणि तिखट. गोचुगारू, म्हणजे कोरियन मिरचीची भरड, नसेल तर बेडगी मिरच्या बिया काढून भरड कुटा. रंग छान येतो आणि फार जाळत नाही.

उकडहंडी:

हे सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं, हिंग सोडणारे लोक वरणाचं काय करत असतील! किमची आता घरीच, बिनकोळंबीची. बनासाठी ती किती दिवस मुरवायची? आणि लेकीचे अंड्याचे पाव राहिलेच.

कालवणप्रेमी:

बनासाठी खायच्या किमचीपेक्षा जास्त आंबलेली घ्या. कोरियन लोकही जिगे आणि धिरड्याला जुनीच वापरतात, ताजी परतली तर नुसती कोबीची भाजी लागते. पुण्याच्या उन्हाळ्यात बाहेर एक-दोन दिवसांतच बुडबुडे दिसतील, मग फ्रीजमध्ये दोन-तीन आठवडे. बरणी गळ्यापर्यंत भरू नका, आणि खाली ताटली ठेवा.

पाववाला_नाही_पाववाली:

अंड्याचा पाव, केरानपांग, सगळ्यात सोपा. यीस्ट नाही, मळणं नाही. १०० ग्रॅम मैदा, चमचाभर बेकिंग पावडर, दोन मोठे चमचे साखर, पाव चमचा मीठ, एक अंडं, १०० मिली दूध, ३० ग्रॅम वितळलेलं बटर. मफिनच्या साच्याला तूप लावून प्रत्येक खण अर्ध्याहून थोडा कमी भरा, वर एकेक अंडं फोडा. पिवळ्या बलकाला टूथपिकने दोन भोकं पाडा, नाहीतर तो ओव्हनमध्ये फुटतो आणि काच पुसत बसावं लागतं. वर मीठ, मिरी, हवं तर चीज. १८० ला २० मिनिटं. लहान अंडी आणा, मोठी साच्याबाहेर वाहतात.

आणि किमचीचे बन उरले तर फ्रीजमध्ये ठेवू नका, तिथे पाव लवकर कडक होतो. पूर्ण गार झाल्यावर एकेक गुंडाळून फ्रीजरमध्ये टाका. खायच्या वेळी ओटीजीत १५० ला आठ-दहा मिनिटं, किंवा मंद तव्यावर झाकण ठेवून, शेवटचं मिनिटभर झाकण काढून.