डोमेनिचींचा १९९६ चा कायदा

अमेरिकन सिनेटर डोमेनिचींनी १९९६ मध्येच मानसिक आजारांना इतर आजारांसारखा विमा मिळवून दिला, असा एक दावा आहे. ते अर्धंच खरं आहे.

पीट डोमेनिची हे न्यू मेक्सिको राज्याचे रिपब्लिकन सिनेटर (१९७३ ते २००९). इटलीहून आलेल्या आईवडिलांचा, अल्बुकर्कीतल्या किराणा व्यवसायातला मुलगा. खर्चाच्या बाबतीत कमालीचे कडक. १९८५ मध्ये त्यांनी अर्थसंकल्पाच्या ठरावात पेन्शनमधली महागाईनुसार होणारी वाढ गोठवली. आजारी सिनेटर पीट विल्सनना रुग्णालयातून सभागृहात आणलं तेव्हा कुठे मतं ४९-४९ झाली आणि उपराष्ट्राध्यक्ष बुश यांच्या मतावर ठराव तरला. पुढे राष्ट्राध्यक्ष रेगननीच हात काढून घेतला.

असा माणूस विमा कंपन्यांवर नवी सक्ती लादायला डाव्या विचारांच्या डेमोक्रॅट सिनेटर पॉल वेलस्टोनना जाऊन मिळतो, यातच त्यांचं मोठेपण आहे. त्यांची मुलगी स्किझोफ्रेनियाने आजारी होती.

पण १९९६ च्या कायद्याने फक्त पैशाची वार्षिक आणि आजीवन मर्यादा समान केली. मग कंपन्यांनी पळवाट काढली: भेटी मोजून द्यायच्या, रुग्णालयातले दिवस कापायचे, रुग्णाने भरायचा वाटा वाढवायचा. म्हणजे कागदावर समान, हातात पूर्वीइतकंच! ही भोकं २००८ च्या कायद्याने बुजवली. तो बँका वाचवणाऱ्या विधेयकाला जोडून मंजूर झाला. तरी त्यातही मानसिक उपचार विम्यात घ्यायलाच हवेत अशी सक्ती नव्हती. घेतले, तर बाकी आजारांच्या बरोबरीने, एवढंच.