एलजीबीटी कलावंतांसाठी खासगी निधी : कसा द्यावा, अटी कोणत्या असाव्यात?

प्रश्न

नमस्कार. आमचा एक लहान कौटुंबिक विश्वस्त निधी आहे. त्याच्या व्याजातला काही भाग यापुढे दरवर्षी एलजीबीटी कलावंतांना द्यावा असे विश्वस्तांनी ठरवले आहे, परंतु तो कसा द्यावा यावर एकमत होत नाही. एका विश्वस्तांच्या मते कलेला पाठबळ देणे हे सरकारचे काम आहे आणि खासगी पैसा आला की कलावंत देणाऱ्याच्या मर्जीला बांधला जातो. दुसऱ्यांना वाटते की लैंगिकतेच्या नावाने वेगळा निधी काढला, तर लोक कामापेक्षा कलावंताच्या ओळखीकडेच पाहतील. हा निधी व्हावा असे मला मनापासून वाटते. परंतु अर्जदाराची ओळख पडताळावी का, विषयाची अट घालावी का, आणि पैसे एका कलाकृतीसाठी द्यावेत की निर्वाहासाठी, हे सारे ठरायचे आहे. जाणकारांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद १

सरकारी पैसा कोणाच्या मर्जीला बांधलेला नसतो, हे गृहीतक आधी तपासायला हवे. अमेरिकेत ‘नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स’ ही सरकारी संस्था कलेसाठी अनुदान देते. १९९० साली तज्ज्ञांच्या समितीने शिफारस केलेली चार रंगकर्मींची अनुदाने संस्थेच्या अध्यक्षांनी नाकारली. कॅरन फिन्ली, जॉन फ्लेक, हॉली ह्यूज आणि टिम मिलर हे ते चौघे, आणि फिन्ली वगळता बाकीचे तिघे समलिंगी होते. चौघे न्यायालयात गेले आणि १९९३ साली तडजोडीत त्यांना अनुदानाइतकी रक्कम मिळाली. मात्र दरम्यान अनुदान देताना ‘शालीनतेचे सर्वसामान्य निकष’ विचारात घ्यावेत असे कलम कायद्यात आले होते, आणि १९९८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते आठ विरुद्ध एक अशा बहुमताने वैध ठरवले. तोपर्यंत साहित्याचा अपवाद सोडता एकेकट्या कलावंतांना थेट दिली जाणारी बहुतेक अनुदाने बंदच झाली होती. ही पोकळी भरून काढण्यासाठी १९९९ साली ‘क्रिएटिव्ह कॅपिटल’ ही संस्था उभी राहिली, ती चित्रकार अँडी वॉरहॉल यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाच्या खासगी पैशाच्या आधाराने.

हे प्रतिष्ठान वॉरहॉल यांच्या मृत्युपत्रानुसार १९८७ साली स्थापन झाले. छायाचित्रकार रॉबर्ट मेपलथॉर्प यांनी १९८८ साली आणि चित्रकार कीथ हेरिंग यांनी १९८९ साली आपापली प्रतिष्ठाने उभी केली. दोघेही स्थापनेनंतर फार काळ जगले नाहीत, दोघांचाही मृत्यू एड्सने झाला. त्या वर्षांत कितीतरी समलिंगी कलावंत तरुणपणीच गेले, आणि त्यांचे काम लाजेपोटी नष्ट करायला निघालेली कुटुंबेही होती. न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स लेस्ली आणि फ्रिट्झ लोहमन हे जोडपे १९६९ पासून आपल्या राहत्या घरात समलिंगी कलावंतांची प्रदर्शने भरवत असे. एड्सच्या काळात त्यांनी अशी अनेक चित्रे वाचवली आणि त्यांच्या त्या संग्रहातूनच पुढे लेस्ली-लोहमन संग्रहालय आकाराला आले. हे काम तेव्हा सरकारची वाट पाहत राहिले असते, तर ती चित्रे आज पाहायला मिळाली नसती.

प्रतिसाद २

प्रतिसाद १ मधील माहिती योग्यच आहे, पण त्यातून खासगी दातृत्वाची बाजू जितकी भक्कम दिसते तितकी ती नाही. रशियन संगीतकार चायकोव्हस्की आणि नादेझ्दा फॉन मेक यांचे उदाहरण घ्या. या धनाढ्य विधवा बाईंनी १८७७ पासून त्यांना वर्षाला सहा हजार रूबल देऊ केले. त्याच वर्षी चायकोव्हस्कींनी केलेले लग्न काही आठवड्यांतच मोडले होते, आणि आपण समलिंगी असल्याचे ते भावाला लिहिलेल्या पत्रांतून सांगत होते. या पैशाच्या बळावर त्यांनी १८७८ साली मॉस्को संगीत विद्यालयातली नोकरी सोडली आणि पूर्ण वेळ रचनेला दिला. अमुक लिहा, तमुक लिहू नका, अशी अट नव्हती. हजाराहून अधिक पत्रे लिहूनही प्रत्यक्ष भेटायचे नाही, एवढेच काय ते दोघांत ठरलेले होते. कलावंताला निर्वाहाची निश्चिती मिळाली की काय घडते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही, आणि म्हणून पैसे कलाकृतीसाठी न देता निर्वाहासाठीच द्यावेत असे मी आग्रहाने सांगेन.

परंतु १८९० साली फॉन मेक यांनी आर्थिक अडचणीचे कारण देऊन ही मदत अचानक थांबवली आणि पत्रव्यवहारही संपला. चायकोव्हस्कींच्या मनाला ते फार लागले. त्यांची उपासमार झाली नाही, कारण दरम्यान त्यांची कीर्ती वाढली होती आणि १८८८ पासून त्यांना झारकडून वर्षाला तीन हजार रूबलचे तहहयात निवृत्तिवेतन मिळू लागले होते, म्हणजे अखेरपर्यंत टिकला तो राज्याचाच पैसा. एका व्यक्तीच्या मर्जीवरचे दान कितीही उदार असले तरी त्याला हा धोका असतोच. म्हणून आपल्या विश्वस्तांनी मुदत लेखी ठरवावी, निदान तीन वर्षांची हमी द्यावी, आणि निवड विश्वस्तांनी स्वतः न करता कलावंतांच्या समितीकडे सोपवावी.

प्रतिसाद ३

ओळखीच्या प्रश्नावर थोडे लिहिते. पडताळणी करूच नये. अर्जदाराने स्वतःविषयी जे सांगितले ते प्रमाण मानावे. डॉक्टरचे प्रमाणपत्र किंवा जोडीदाराचा पुरावा मागणे अपमानास्पद आहे, आणि तसल्या कागदाने काहीही सिद्ध होत नाही. प्रायोगिक चित्रपटकार बार्बरा हॅमर यांनी २०१७ साली समलैंगिक स्त्रियांच्या प्रायोगिक चित्रपटांसाठी स्वतःच्या पैशातून अनुदान सुरू केले, ते ‘क्वीअर आर्ट’ ही संस्था चालवते. तिथेही अर्जदार स्वतःची ओळख स्वतःच सांगते.

विषयाची अट मात्र अजिबात नको. पारलिंगी चित्रकाराला झाडेच रंगवायची असतील तर त्याने झाडेच रंगवावीत. दुसऱ्या विश्वस्तांचा आक्षेप वेगळ्या निधीला लागू पडत नाही, तो विषयाच्या सक्तीला लागू पडतो, असे माझे मत आहे. वेगळा निधी असूनही काम मोठ्या दालनात, सर्वांसमोर मांडता येते. हाँगकाँगच्या सनप्राइड प्रतिष्ठानाने एलजीबीटी विषयांवरील कलेची प्रदर्शने २०१७ साली तैपेईत, २०१९ साली बँकॉकमध्ये आणि २०२२ साली हाँगकाँगमध्ये भरवली, तीही नामांकित कला केंद्रांत.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा आभारी आहे. तीन वर्षांची हमी आणि स्वतंत्र समिती या दोन्ही गोष्टी मी पुढील बैठकीत मांडतो. एकच शंका उरते. निवड झालेल्यांची नावे जाहीर करावीत, असा आमचा विचार होता, कारण त्यामुळे इतर देणगीदारही पुढे येतील. ते योग्य होईल का?

प्रतिसाद ३

कृपया तसे सरसकट करू नका. ज्याने घरी काहीच सांगितलेले नाही, त्याच्यासाठी हे अनुदान जाहीर होणे म्हणजे त्याच्या संमतीवाचून सारे उघड होणे. अर्जातच प्रत्येकाला विचारा : नाव छापावे, टोपणनाव छापावे की काहीच छापू नये. तिसरा पर्याय निवडणाऱ्याच्या गुणांकनावर त्याचा परिणाम होणार नाही हे तिथेच लिहा, आणि बँकेत रक्कम जमा करताना व्यवहाराच्या नोंदीत निधीचे पूर्ण नाव येणार नाही याचीही व्यवस्था करा, कारण ते खाते घरातल्या कोणाबरोबर संयुक्त असू शकते.