शब्दचर्चा : टॅरोमधल्या पहिल्या पत्त्याला मराठीत काय म्हणावं?

फोंड्याहून :
माझ्या भाचीकडे कॉमिकच्या धर्तीवर काढलेला टॅरोचा, म्हणजे भविष्य सांगायच्या पत्त्यांचा, संच आहे. ७८ पत्त्यांची माहिती मी तिच्यासाठी मराठीत लिहून काढते आहे आणि १ आकड्याच्या पत्त्यावरच, इंग्रजीतल्या 'मॅजिशियन'वर, अडले. चित्रात अंगावर झूल घेतलेला नायक एक हात वर करून उभा आहे, दुसरा हात जमिनीकडे. समोरच्या टेबलावर पेला, तलवार, काठी आणि नाणं. डोक्यावर आडवा आठ. कोपऱ्यात संवादाचा फुगा, पण कोरा. 'जादूगार' लिहिलं तर भाची म्हणते, "म्हणजे टोपीतून ससा काढणारा?" 'मांत्रिक' कसा वाटतो?

पेडण्याहून :
बाय, 'मांत्रिक' नको. आमच्या गावात हा शब्द उच्चारला की घाडी डोळ्यांपुढे येतो, देवस्की आठवते. घरात कुणी आजारी पडलं, काही अडलं, की त्याच्याकडे जायचं. त्या शब्दात भीती आहे. तुझ्या पत्त्यावरचा माणूस दिवसाउजेडी टेबल मांडून उभा आहे.

कॉमिकचाच विषय निघाला म्हणून 'ऐंद्रजालिक' सुचवतो. १९६४ साली इंद्रजाल कॉमिक्स सुरू झाली, ती मराठीतही निघत. फँटमचा त्यांनी 'वेताळ' केला. आमोण्याच्या वेताळाला हात जोडणाऱ्या घरातली आम्ही मुलं, मुखवट्यातल्या त्या वेताळालाही आपलंच मानायचो. त्याच अंकांत मँड्रेक यायचा. तो नुसता हात हलवी आणि समोरच्याला नसलेलं दिसू लागे. इंद्रजाल म्हणतात ते हेच.

फोंड्याहून :
काका, मँड्रेकला तो शब्द चपखल बसतो. पण मँड्रेक दाखवतो तो भास, आणि १९०९ च्या ज्या संचावरून आजचे बहुतेक पत्ते काढले जातात, त्यात पामेला कोलमन स्मिथ यांनी काढलेला हा माणूस भास दाखवत नाही. वरची शक्ती खाली आणून तो काहीतरी घडवतो. टेबलावरच्या चार वस्तू म्हणजे संचातले चार रंग (आपल्या पत्त्यांत बदाम-किलवर असतात तसे), म्हणजे हाताशी असलेलं सगळं साहित्य. मग 'किमयागार'?

मडगावहून :
किमयागार अर्ध्याच पत्त्याला पुरतो. जुन्या फ्रेंच संचांत या पत्त्याचं नाव 'बातलर', म्हणजे जत्रेत टेबल मांडून हातचलाखी करणारा. शक्तीबिक्तीचा अर्थ पुढच्या लोकांनी त्यावर चढवला. म्हणून पत्ता उलटा पडला की आजही फसवणूक असाच अर्थ लावतात. किमयागार कुणाला गंडवतो असं आपण सहसा म्हणत नाही. घडवणं आणि गंडवणं, दोन्ही पोटात घेणारा शब्द हवा.

माझ्या मते तो शब्द 'गारुडी'. गारुड हा गरुडावरून आलेला शब्द, मूळ अर्थ साप उतरवण्याचा मंत्र. म्हणजे गारुडी विष उतरवणारा, आणि तोच जत्रेत खेळ मांडणाराही. 'तिच्या गाण्याने गारुड केलं' हे आपण कौतुकाने म्हणतो, तर 'त्याच्या गारुडाला भुलू नकोस' हे बजावून सांगतो. एकाच शब्दाला सुलट आणि उलट दोन्ही बाजू आहेत.

पेडण्याहून :
पण आजची पोरं गारुडी म्हटल्यावर पुंगी शोधतील.

मडगावहून :
शोधू देत, साप तरी सापडेल! स्मिथबाईंच्या चित्रात त्याच्या कमरेला पट्टा आहे तो सापाचाच, स्वतःची शेपटी तोंडात धरलेला.

फोंड्याहून :
आत्ता भिंग घेऊन पाहिलं. कॉमिकवाल्या चित्रकारानेही पट्टा ठेवला आहे, फक्त बक्कल म्हणून सापाचं तोंड काढलंय. इतके दिवस माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

पत्त्यावर 'गारुडी' लिहिते. किमया हा शब्द सोडवत नाही, तो सुलट अर्थात वापरेन : "हाताशी आहे त्यातून किमया करण्याची वेळ." आणि उलट्या पत्त्यासाठी काकांच्या इंद्रजालाऐवजी 'नजरबंदी' घेते, कारण तो शब्द भाचीला ठाऊक आहे : "समोरचा नजरबंदी करतो आहे, किंवा तू स्वतःचीच करून घेतली आहेस."

आता कोऱ्या फुग्यात काय लिहू, ते तेवढं सुचवा. भाचीला तिथे गारुड्याच्या तोंडचं एकच वाक्य हवं आहे, आणि तेही जत्रेतल्या माणसाच्या बोलीतलं.