प्रमाणपत्रापलीकडे काय मिळतं?

सामुदायिक आरोग्याच्या विद्यार्थी परिषदेतून प्रमाणपत्राशिवाय काय मिळतं, असं वर विचारलंय. मला नागपुरातल्या परिषदेत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराकडे बघायची वेगळी नजर मिळाली. आईवडील दोघंही वाहक, म्हणजे स्वतःला आजार नसला तरी त्याचं जनुक बाळगणारे, असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, हे पाठच होतं. पण लग्न जुळवताना रक्ततपासणीचा विषय काढायचा कुणी? आणि वाहक म्हणून मुलीचंच स्थळ मोडलं तर? मेळघाटातली एक विद्यार्थिनी यावर बोलत राहिली, आम्ही ऐकत राहिलो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला का शिकवलं, तेही तेव्हाच नीट उमगलं. पोस्टर वगैरे ठीकच. जाणार असाल तर आधी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत लांबून आलेल्या चार माणसांशी बोलून जा.