जॅझची मैफल: ज्याने त्याने आपापलं लिहा

मंडळी, शनिवारी एनसीपीएच्या टाटा थिएटरमध्ये आपल्या माजी विद्यार्थ्यांनी दोन रांगा भरल्या. नंतर मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर सगळे एकदमच बोलत होते, कुणाचंच धड ऐकलं गेलं नाही. म्हणून हा धागा. पियानो, डबल बास, ड्रम्स आणि टेनर सॅक्सोफोन अशी चौकडी होती. नुसतं "मस्त झालं" नको. कान कुठे अडकला, कुठे कंटाळलात, तेही लिहा.

मेकॅनिकल, १९९४, ठाणे
मी शाळेपासून तबला वाजवतो, तरी पहिल्या चीजेत सम सापडेना. माझा हात पहिल्या मात्रेवर पडायचा आणि ड्रमरचा डावा पाय हाय-हॅटवर, म्हणजे पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीवर, दुसऱ्या नि चौथ्या. मग ड्रम्स सोडून बास धरला. तो मात्रेला एक स्वर टाकत चालतच होता. दुसऱ्या चीजेत हिशोब लागला: ३२ बारांची फेरी (बार म्हणजे इथे चार मात्रांचा एक गट), आठ-आठचे चार भाग. पहिला, दुसरा आणि चौथा सारखे, तिसरा निराळा. तो तिसरा कानाला लागला की वाट चुकत नाही. तबल्याच्या साथीला वाजतो त्या लेहऱ्यात धून कायम राहते. इथे धून एकदा वाजवून बाजूला ठेवतात आणि तिच्याखालची कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांची, साखळी फिरत राहते. सॅक्सोफोनवाला कितीही लांब गेला तरी साखळी पियानोच्या हातात होती. शेवटी सॅक्सोफोन आणि ड्रम्सनी चार-चार बार वाटून घेतले. प्रत्येक वेळी नेमके चारच! मी मांडीवर मोजत होतो आणि अंगावर काटा येत होता.

सिव्हिल, १९८१, दादर
१९७८ची पहिली जॅझ यात्रा, म्हणजे मुंबईतला जॅझ महोत्सव, मी विद्यार्थी असताना रंगभवनात ऐकली. झेवियर्सच्या शेजारी, उघड्या आकाशाखाली, आणि समोर अमेरिकन सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्स! तेव्हा काही कळलं नव्हतं, फक्त एवढा मोठा आवाज एका माणसाच्या छातीतून येतो याचं नवल वाटलं होतं. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांनी रंगभवन गप्प झालं, त्याची हळहळ अजून आहे. टाटा थिएटर १९८०चं. ध्वनिरचना सिरिल हॅरिस यांची, बैठक पंख्यासारखी पसरलेली. आपण मागे असूनही ड्रमवर फिरणाऱ्या ब्रशची घासण स्पष्ट ऐकू आली. पण तिथे कुणी उठून नाचत नाही. रंगभवनात नाचायचे.

इलेक्ट्रिकल, १९९९, म्हापसा
खास यासाठी गोव्याहून आलो. माझे आजोबा बार्देशचे. चर्चच्या शाळेत मास्तरांकडे आधी सोल्फेज (स्वरांची नावं घेत गाणं), मग व्हायोलिन, मग ट्रम्पेट. मुंबईत धोबी तलावला, गाववाल्यांनी मिळून चालवलेल्या कूडमध्ये राहायचे. रात्री चर्चगेट स्ट्रीटच्या हॉटेलांत डान्स बँड, दिवसा फिल्मी रेकॉर्डिंग. हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, हे त्यांचं दैवत. सी. रामचंद्र, म्हणजे आपले चितळकर अण्णा, यांच्याबरोबर त्यांनी काम केलं आणि १९५१च्या 'अलबेला'त ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. बाकीच्या बहुतेकांची नावं कुठेच आली नाहीत. शनिवारी तुम्ही म्हणत होतात, हे संगीत आपलं नाही. अरे, ज्या गाण्यांवर आपण गॅदरिंगला नाचलो, त्यांतले ट्रम्पेट ह्याच लोकांनी वाजवलेत. आपलं नाही कसं?

केमिकल, १९८८, पुणे
मला ड्रम्सचा एकट्याचा भाग फार लांबला असं वाटलं. तिथे सगळे टाळ्या वाजवत असताना बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितो. पियानो मात्र पुन्हा ऐकायला येईन.

वहिनी, मुलुंड
मी तुमच्या कॉलेजची नाही. हे गेल्यावरही भाऊजींनी माझं तिकीट काढलं, त्याबद्दल मनापासून आभार. रविवारी सकाळी हे जॅझच्या एलपी लावायचे आणि मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. कौतुक होतं, गोडी नव्हती. शनिवारी त्या संथ चीजेत सॅक्सोफोनवाल्याने स्वर लावण्याआधी श्वास घेतला, तो मला ऐकू आला. बोटांखालच्या चाव्यांची टकटकही. बासवाला स्वतःशी गुणगुणत होता. रेकॉर्डवर असलं काही मी कधी ऐकलं नव्हतं, की हे मला दाखवायचे आणि माझं लक्ष नसायचं, कोण जाणे. रविवारी एक एलपी काढून लावली. सुई बदलायला झाली आहे. कुठे मिळते, कुणाला माहीत असेल तर सांगा.

आयटी, २०१६, विरार
वहिनी, सुई मी बघतो, प्लेअरचा मॉडेल नंबर तेवढा कळवा. मला एक खटकलं: बासचा सोलो सुरू झाला की आसपास कुजबुज चालू व्हायची. सगळ्यात हळू आवाजाचं वाद्य ते, तेव्हाच आपण बोललो. पुढच्या वेळी लहान जागा बघूया, आणि लवकर संपणारी, शेवटच्या लोकलचं टेन्शन नको. मला पुढची रांग हवी, बासच्या बाजूची.