शब्दचर्चा : आत्म्याने 'भरलेली', 'भारलेली' की 'भारावलेली'?

केळीचं_पान
मंडळी, अडचणीत आहे. आमच्या धर्मग्रामात (म्हणजे एका चर्चखालचा परिसर; आमचा वसईत) पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या सणाच्या, आदल्या रात्री जागरण-प्रार्थना असते. तिचं चार पानी पत्रक करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मूळ मजकूर इंग्रजी, शीर्षक 'स्पिरिट-फिल्ड वर्शिप अँड कम्युनिटी लाइफ'. मी लिहिलं, 'आत्म्याने भरलेली उपासना आणि समूहजीवन'. डीटीपीवाल्या दादांना वाटलं काना राहिला, त्यांनी परस्पर 'भारलेली' करून टाकलं. प्रूफ फिरलं तेव्हा प्रेयर ग्रुपमधल्या एका मावशींना ते फार आवडलं. 'अगदी तस्संच होतं गं शुक्रवारी,' म्हणाल्या. पॅरिश कौन्सिलचे एक काका मात्र भडकले. भारलेला गंडा असतो, भारलेलं लिंबू असतं, आपण काय मांत्रिक आहोत का? सोमवारी छपाईला द्यायचंय. काय ठेवू?

शुद्धलेखनवाला
काकांचं बरोबर आहे. 'भारणे' म्हणजे मंत्राने प्रभाव घालणे. जुन्या कोशांत हाच अर्थ आहे. 'भारावणे' हा त्याचाच सभ्य झालेला नातेवाईक. सत्कारमूर्ती भारावतात, त्यात लिंबू उरलेलं नाही.

पण ताई, 'भरलेली उपासना' हे तरी कुठे मराठी आहे? वांगी भरलेली असतात. आत्म्याने भरतो तो माणूस. इंग्रजीला विशेषण कुठेही डकवायची खोड आहे, आपण ती उचलायचं कारण नाही. वाक्य फोडा, क्रियापद वापरा.

नगरी_नाना
तुम्ही 'मंडळी' अशी हाक मारलीत आणि आम्हा प्रॉटेस्टंटांना वाटलं अख्ख्या चर्चलाच बोलावलं. आमच्याकडे मंडळी म्हणजे चर्च. पूर्वी पत्रिकेवर 'मंडळीसह यावे' असं छापत, तेव्हा आमच्या पाळकसाहेबांना सगळे चिडवत की बायकोला आणायचं की दोनशे माणसं?

मूळ मुद्दा. मराठी बायबलने हा प्रश्न कधीच सोडवलाय. प्रेषितांची कृत्ये, दुसरा अध्याय : शिष्य पवित्र आत्म्याने 'परिपूर्ण' झाले. इफिसकरांच्या पत्रातही तेच, द्राक्षारसाने मस्त होऊ नका, आत्म्याने परिपूर्ण व्हा. तयार शब्द असताना भरलं-भारलं कशाला?

केळीचं_पान
नाना, परिपूर्ण ऐकलं की मला शंभरपैकी शंभर मार्क डोळ्यांसमोर येतात. शिवाय आम्ही कॅथलिक, आमच्या कानाला तुमचे शब्द थोडे परके. तुमचा बाप्तिस्मा तो आमचा स्नानसंस्कार, तुमचं प्रभुभोजन म्हणजे आमचं मिस्साबलिदान.

नगरी_नाना
आणि तुमचे परमगुरुस्वामी म्हणजे साधे पोप. 😀

देशावरची_सुमन
मी ख्रिस्ती नाही, पण राहवेना म्हणून लिहिते. आमच्या भागात एखाद्या बाईच्या अंगात देवी आली तर 'तिला वारं आलं' म्हणतात. लहानपणी मला वाटायचं फॅनचं वारं. मग कॉलेजात असताना कळलं की हिब्रूत 'रुआह' म्हणजे वारा, श्वास आणि आत्मा, तिन्ही. ग्रीक 'प्नेउमा'चंही तेच. आणि तुमच्या त्या पेन्टेकॉस्टच्या गोष्टीत पहिल्यांदा काय होतं? सोसाट्याच्या वाऱ्यासारखा आवाज येतो! म्हणजे जो अर्थ मूळ भाषेत आहे तो मराठीत आयता पडलाय आणि तुम्ही संस्कृत 'आत्मा' घेऊन बसलात. आत्मा म्हटलं की आमच्याकडे एक तर 'मृतात्म्यास शांती' नाही तर 'अतृप्त आत्मा'.

शुद्धलेखनवाला
कल्पना सुंदर, उपयोग शून्य. 'पवित्र वारे' म्हटल्यावर लोक खिडक्या लावतील.

केळीचं_पान
सुमनताई, वाचून अंगावर काटा आला. पण हे पत्रकात छापलं तर काका मला धर्मग्रामातून हद्दपार करतील. त्यांची सगळी भीती तीच आहे, की बाहेरच्यांनी बघून 'यांच्याही अंगात येतं' म्हणू नये.

माळकरी
मग येतं का? खवचटपणे विचारत नाही. आमच्याकडे कीर्तनात माणूस रडतो, घसा दाटतो, अंग थरथरतं. त्याला आम्ही अंगात आलं म्हणत नाही. त्याला अष्टसात्त्विक भाव म्हणतात. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. अंगात येतं तेव्हा दुसरं कोणी बोलतं. भाव दाटतो तेव्हा माणूस स्वतःच असतो, फक्त आवरत नाही. तुमच्याकडे नेमकं काय होतं ते सांगा, म्हणजे शब्द सापडेल.

केळीचं_पान
बरं, सांगते. शुक्रवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये सतरंज्या. एक ढोलकी, एक कीबोर्ड, दोन खंजिऱ्या. सुरुवातीला चार-पाच गीतं, टाळ्या वाजवत. मग पुढारी म्हणतात, 'आता प्रत्येकाने आपल्या शब्दांत स्तुती करा,' आणि शंभर माणसं एकदम मोठ्याने बोलायला लागतात. कोणी मराठीत, कोणी आमच्या कादोडी बोलीत, कोणी नुसतंच हालेलुया. थोड्या वेळाने ते शब्द राहत नाहीत, नुसता सूर होतो, वर चढतो आणि आपोआप खाली येतो. काही जण 'भाषा बोलतात', म्हणजे ज्याचा अर्थ त्यांनाही ठाऊक नसतो असे उच्चार. कोणी हात वर करून रडतं. मागच्या रांगेत लाल लुगड्यातली एक आजी या सगळ्यात शांतपणे रोझरीचे मणी ओढत बसलेली असते, तिचं काही अडत नाही. मग बायबलचं वाचन, एक-दोन साक्षी (स्वतःला आलेला अनुभव सांगणं), चहा.

मी स्वतः कधी भाषा बोललेली नाही. पण तो सूर चढतो तेव्हा 'भाव दाटणे' फार जवळचं वाटतं, माळकरीबुवा.

नगरी_नाना
भाषा बोलण्यावर पौलाचं बंधन आहे हं! करिंथकरांस पहिलं पत्र, 14 वा अध्याय. दोघांनी, फार तर तिघांनी, तेही एकामागून एक, आणि अर्थ सांगणारा नसेल तर गप्प बसावं. आमच्या पाळकसाहेबांचा हा आवडता अध्याय. आमच्या जुन्या चर्चांत पेटी-तबल्यावर भजनं आणि शिस्तीतली उपासना. नारायण वामन टिळक तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्तचरणी आले म्हणायचे, त्यांचीच पदं अजून गातो. डोळ्यांत पाणी येतं, पण रांगेत.

शब्दभ्रमर
नाना, शिस्त ठीक आहे, पण ज्या गोष्टीला तुम्ही नाक मुरडताय ती महाराष्ट्रात बाहेरून आलेली नाही, हे लक्षात घ्या. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जून 1905 च्या अखेरीस हेच झालं. मुली रात्री-अपरात्री मोठमोठ्याने एकत्र प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, अंगात आग पेटल्यासारखं वाटतं म्हणू लागल्या. पेन्टेकॉस्टल (आत्म्याच्या अशा अनुभवावर भर देणाऱ्या) चळवळीची सुरुवात म्हणून सांगतात ती लॉस एंजेलिसची अझुसा स्ट्रीटची सभा 1906 ची, म्हणजे केडगावनंतरची. केडगावच्याच मिनी अब्रम्स या मिशनरी बाईंनी तिथल्या घटनांवर पुस्तिका लिहिली, ती दक्षिण अमेरिकेत चिलीतल्या ओळखीच्या घरी पाठवली आणि तिथल्या पेन्टेकॉस्टल चळवळीला त्यातून चालना मिळाली. कॅथलिकांत हे सुरू झालं 1967 मध्ये, पिट्सबर्गच्या ड्यूकेन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांत. दौंड तालुका साठ वर्षं पुढे!

आणि शब्दांबद्दल म्हणाल तर रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं, कारण संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातल्या बाईला कळत नाही म्हणून. जी बाई संस्कृतात वाद घालू शकत होती तिने ठरवून संस्कृत सोडलं. 'धर्मग्राम' घडवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

केळीचं_पान
धर्मग्रामावर हल्ला का? छान शब्द आहे.

शब्दभ्रमर
घरात म्हणता का?

केळीचं_पान
...घरात 'पॅरिश' म्हणतो.

पणजीकार
गोव्यात आम्ही 'फिरगज' म्हणतो, पोर्तुगीज 'फ्रेगेझिया'वरून. घासून घासून कोकणीच झालाय. तसंच माझी आजी क्रूसाची खूण करताना 'बापाच्या, पुताच्या आनी इस्पिरिता सांताच्या नांवान' म्हणायची. आता पुस्तकात 'पवित्र आत्मो' आला. आजीला तो कधी आपला वाटला नाही. तिचं म्हणणं, आत्मो तर मेल्यावर जातो तो, इस्पिरित सांत येतो.

देशावरची_सुमन
आजीचे पाय कुठे आहेत? हेच तर मी म्हणत होते.

शुद्धलेखनवाला
म्हणजे आता पोर्तुगीज हे शुद्ध आणि संस्कृत हे परकं? कमाल आहे. 'धर्मग्राम' घडवला तेव्हा निदान कोणीतरी विचार तरी केला. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962–65) लॅटिनऐवजी लोकभाषेत उपासना आली, रातोरात शेकडो शब्द लागले, ते मराठीतून घडवले. हिंदीवाल्यांनी 'पल्ली' केलं. पल्ली म्हणजे वस्ती, पाडा. तेही वाईट नाही.

शब्दभ्रमर
मराठी माणसाला पल्ली म्हटलं की पाल आठवते. 'पॅरिश'चं मूळ ग्रीक 'परोइकिया'. 'ओइकोस' म्हणजे घर, 'पारा' म्हणजे शेजारी. घराशेजारी राहणारे, उपरे. सरळ 'शेजार' म्हणा ना! 'आमच्या शेजारात जागरण-प्रार्थना आहे.'

शुद्धलेखनवाला
आमच्या शेजारात रोजच जागरण असतं, गणपतीत तर विचारू नका.

केळीचं_पान
थट्टा बाजूला, पण दुसऱ्या अर्ध्या भागाचं कोणी बोलतच नाहीये. 'समूहजीवन' बरं आहे का? मला ते मधमाश्यांच्या धड्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात काय असतं, तर कोणाकडे मयत झाली की गावातल्या समूहाच्या बायका न सांगता चहाची पातेली घेऊन पोचतात, रात्री रोझरीला घर भरतं. व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीवाले कोणाच्या औषधाचं, कोणाच्या फीचं गुपचूप बघतात. प्रेयर ग्रुपवाले आजाऱ्याच्या घरी जाऊन डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात, आणि त्यांच्यातलाच एक जण दुसऱ्या दिवशी त्या आजाऱ्याला रिक्षाने डायलिसिसला नेतो. ह्याला मराठीत काय म्हणायचं?

माळकरी
माणुसकी म्हणतात. नाही तर 'शेजारधर्म'. भ्रमरांचा शेजार इथे कामी आला बघा.

नगरी_नाना
कृत्यांच्या त्याच दुसऱ्या अध्यायात आहे. पहिले विश्वासणारे शिक्षणात, सहवासात, भाकर मोडण्यात आणि प्रार्थनेत तत्पर असत. 'सहवास' घ्या. आमच्या नव्या पोरांच्या तोंडी 'सहभागिता' असते, तो मला ग्रामपंचायतीचा शब्द वाटतो.

देशावरची_सुमन
भाकर मोडणे! काय शब्द आहे. तिकडे गव्हाची, इकडे ज्वारीची. भाकर मोडूनच खातात, कापत नाहीत, हे भाषांतर करणाऱ्याला ठाऊक होतं.

करिष्मा_फॅन
उशिरा आलो. आमच्या सोसायटीत या प्रार्थनावाल्यांना सगळे 'करिष्मॅटिकवाले' म्हणतात. मला आधी वाटलं पुढाऱ्याच्या करिष्म्यासारखं काहीतरी. तोच शब्द ना?

शब्दभ्रमर
नाही आणि हो. आपला 'करिश्मा' फारसी. तिथे मूळ अर्थ नेत्रकटाक्ष, नखरा, मग चमत्कार. ग्रीक 'खारिस्मा' म्हणजे कृपेने फुकट मिळालेलं दान. दोघांचा काडीचा संबंध नाही. पण इंग्रजी 'करिझ्मा' वर्तमानपत्रात आला तेव्हा बातमीदाराने हाताशी असलेला करिश्मा वापरला आणि दोन्ही एकात एक विरघळले. आता नेत्याचा करिष्मा निम्मा इराणी, निम्मा ग्रीक.

शुद्धलेखनवाला
आणि 'ष' कुठून आला? फारसी शब्दात पोटफोड्या ष? 'करिश्मा' लिहा.

करिष्मा_फॅन
सगळी वर्तमानपत्रं ष लिहितात.

शुद्धलेखनवाला
सगळी वर्तमानपत्रं 'आशिर्वाद' पण लिहितात.

केळीचं_पान
उद्या सोमवार आहे हो. परिपूर्ण, भाव दाटलेली, भारावलेली, वारं... एक कोणीतरी सांगा.

माळकरी
विशेषण काढाच. 'आत्म्यात न्हालेली रात्र' करा.

नगरी_नाना
न्हालेली म्हटलं की बाप्तिस्म्याशी घोळ होईल. आमच्यात शिंपडायचं की बुडवायचं यावर आधीच दोन तट आहेत.

पणजीकार
बुडवायचं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच बुडवणे.

नगरी_नाना
पणजीकार, तुम्ही कॅथलिक ना? तुमच्याकडे तर डोक्यावर पाणी ओततात!

पणजीकार
मी अर्थ सांगितला, आचार नाही. आणि ओतणं म्हणजे शिंपडणं नव्हे. शुद्धलेखनवाले काका, तुम्हीच सांगा, 'ओतणे' आणि 'शिंपडणे' यात फरक आहे की नाही?

शुद्धलेखनवाला
फरक आहेच. शिंपडण्यात थेंब सुटे पडतात, ओतण्यात धार लागते. पण त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे करिश्म्याचं अजून मिटलेलं नाही.