मेलबर्न: ऑस्ट्रेलियातल्या आजच्या कलेवर लिहायचंय, काय वाचू, काय पाहू?

पाटीपेन्सिल:
इथे येऊन आठ महिने झाले. एका दिवाळी अंकाला लेख कबूल करून बसलेय आणि आता पळता भुई थोडी झालीय. फेडरेशन स्क्वेअरच्या इयन पॉटर सेंटरला दोनदा जाऊन आले. वहीत उतरलं काय, तर ‘ठिपके. छान. वारलीची आठवण.’ इथली समीक्षा कुठे वाचायची?

गेरू_चुना:
आधी ‘मेमो’. मेलबर्नचंच आहे, २०१७ पासून दर आठवड्याला परीक्षणं येतात. भाषा मधूनच प्रबंधासारखी होते, पण प्रदर्शन फसलं तर फसलं म्हणतात. मग अ‍ॅडलेडचं ‘आर्टलिंक’, १९८१ पासूनचं. आदिवासी कलेवरचे जुने अंक शोधा. ‘आर्ट गाइड’ फक्त कुठे काय लागलंय ते बघायला.

आणि वारलीला हात लावू नका हो. पांढरी रेघ दिसली की आठवते ती आपल्याला. घालायचीच तर खरा दुवा आहे: २०१५ च्या ब्रिस्बेनच्या एशिया पॅसिफिक ट्रायनियलमध्ये, म्हणजे दर तीन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, वारली चित्रकार होते.

सिडनीकर_बंड्या:
आर्चिबाल्ड विसरलात! १९२१ पासून व्यक्तिचित्रांचं बक्षीस आणि दरवर्षी भांडणं. चित्रांची खोकी उघडणारे कर्मचारीसुद्धा आपलं वेगळं बक्षीस देतात. मला तेच जास्त पटतं.

उंबरठा७:
ठिपक्यांबद्दल. पापुन्या या मध्य ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी वस्तीत १९७१ च्या सुमारास ही चित्रं फळ्यांवर आली, पण सगळे आदिवासी चित्रकार ठिपके काढत नाहीत. एमिली काम उंगवारे हिचं १९९५ चं यामच्या कंदाचं चित्र एनजीव्हीच्या (नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरिया, तुझं इयन पॉटर सेंटर तिचंच) संग्रहात आहे. आठ मीटर लांब, काळ्यावर पांढऱ्या रेघांचं जाळं, ठिपका औषधालाही नाही. लेबलवर चित्रकाराच्या नावाखाली समाजाचं नाव असतं, ते लेखात हवंच. नुसतं ‘आदिवासी चित्रकार’ म्हणजे नुसतं ‘भारतीय भाषा’ म्हटल्यासारखं.

दुसरं, कलाकार आर्ची मूर. २०२४ ला व्हेनिस बिनालेत, जिथे देशोदेशीची दालनं असतात, सर्वोत्तम दालनाचा गोल्डन लायन, ऑस्ट्रेलियाला पहिल्यांदाच. काळ्या भिंतींवर आणि छतावर खडूनं हातानं लिहिलेली वंशावळ, ६५,००० वर्षांची. आपल्याकडचा कुलवृत्तांत आठवेल, पण इथे मध्येच रिकामी भगदाडं आहेत: कत्तली, साथी. खाली पाण्यावर कागदांचे गठ्ठे, कोठडीत मेलेल्या आदिवासींच्या चौकशीचे, नावांवर काळी पट्टी. खडू पुसला जाऊ शकतो, एवढ्यावर एक परिच्छेद होईल.

गेरू_चुना:
+१. व्हेनिसच्या बातम्याही वाचा. पुढच्या, २०२६ च्या बिनालेत ऑस्ट्रेलियातर्फे जायला कलाकार खालेद सबसाबीला २०२५ च्या फेब्रुवारीत निवडलं, आठवड्याभरात काढलं, जुलैत परत घेतलं. कलेची बातमी राजकारणाच्या पानावर कशी जाते ते कळेल.

पाटीपेन्सिल:
आभार! वारली खोडली. एमिलीचं चित्र अंकात छापायचं तर परवानगी कुणाकडे? संपादक म्हणतात नेटवरून घ्या.

उंबरठा७:
अगं नको. ती १९९६ ला गेली, म्हणजे हक्क अजून शाबूत आहेत. कलाकारांच्या हक्कांचं काम बघणाऱ्या इथल्या कॉपीराइट एजन्सीला लिही, फोटोसाठी संग्रहालयाला वेगळं. दिवाळीपर्यंत वेळ आहे, पण आजच मेल टाक.